एप्रिल मीच निवडला

“आमच्या सरांनी आमाला आफ्रिकेला नेलं, पन ऋतू तेवढा चुकला. आपल्याकडं एप्रिल म्हंजे कडक ऊन, जनावर पाण्यावर येनारच. तितं बी तसंच आसंल आसं सरांना वाटलं. मानूस हाय, चुकतो की. पन नेलं तर सरांनीच.”

माझ्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त काढलेल्या गौरवअंकातला हा मजकूर आहे. माझा मित्र मल्लिनाथ याने तो सांगितला आणि त्याच्या सुनेने जसाच्या तसा उतरवून घेतला. कारण मल्लिनाथला आता दिसत नाही. अंकाचा संपादक माझाच जुना विद्यार्थी. त्याने खाली बारीक टाइपात पुस्ती जोडली आहे — ‘वयोमानानुसार सरांचा अंदाज चुकला असावा.’

दोन्ही विधाने चूक आहेत. मल्लिनाथचे प्रेमापोटी चूक आहे, संपादकाचे आगाऊपणापोटी. पण चूक ती चूकच. माझा अंदाज चुकला नव्हता. खरे काय घडले ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नी हयात होती तेव्हा तिला नाही, मुलाला नाही, मल्लिनाथला तर नाहीच. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी चौतीस वर्षे भूगोल शिकवला. फळ्यावर आफ्रिका काढायला मला नकाशा लागत नसे. विषुववृत्ताची रेघ ओढायची आणि तिच्या दोन्ही अंगांना पाऊस कधी सरकतो ते बाणांनी दाखवायचे. पूर्व आफ्रिकेत मार्चअखेरीपासून मेपर्यंत मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या सुमारास लहान पाऊस, जुलै ते ऑक्टोबर कोरडे — हे नववीतल्या मुलांकडून मी घोकून घेत असे. आणि लोक म्हणतात, त्या माणसाने एप्रिल उन्हाळा समजून निवडला! ज्यांनी मला क्षमा केली त्यांनी आधी मला अडाणी ठरवले, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

मग हे लिहायला मला कशाने बसवले — पश्चात्तापाने, की या अपमानाने? मी स्वतःला विचारले आहे. दोन्ही आहेत. कशाचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही.

मल्लिनाथ कोण ते सांगायला हवे. मार्केट यार्डातला डाळीचा व्यापारी, मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. फार वर्षांपूर्वी एके सकाळी गळ्यात नवाकोरा कॅमेरा अडकवून तो माझ्या दारात उभा राहिला — “सर, ह्येच्यात काय कुटं दाबायचं तेवढं सांगा, बाकीचं मी बगतो.” मी शिकवले. नान्नजच्या माळरानाकडेला गोणपाटाच्या आडोशात आम्ही किती उन्हाळे काढले! एप्रिल-मेमध्ये गवत संपते, ओढे आटतात, आणि उरलेल्या डबक्यावर काळवीट येते, लांडगा येतो. फक्त थांबायचे. सोलापूरकडच्या आम्हा छायाचित्रकारांच्या हाडात हेच मुरलेले आहे — ऊन जितके कडक तितके जनावर जवळ.

श्वास कसा धरायचा, बोट कसे हलके दाबायचे, हे मी त्याला शिकवले. दहा वर्षांत तो माझ्या पुढे गेला. हे वाक्यही मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोपर्यंत मी सर्वांना सांगत असे की मल्लिनाथला तंत्र येते, दृष्टी माझी आहे. दृष्टी! हा शब्द मी त्याच्याबाबतीत वापरत असे.

आफ्रिकेला जायचे ठरले त्याच्या आदल्या वर्षी माझा उजवा हात कापू लागला. आधी थोडासा. कप बशीवर किणकिणतो म्हणून मी बशीच नको म्हणू लागलो. सही करताना लोकांना पलीकडे बघायला लावू लागलो. छायाचित्रे हलून येऊ लागली, तेव्हा मी आमच्या मंडळींत जाहीर केले की मला आता स्थिर चित्रांचा कंटाळा आला आहे, मला हालचाल पकडायची आहे. मंडळींनी माना डोलावल्या. एकट्या मल्लिनाथने त्यातले एक हललेले चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितले आणि परत दिले. त्याला कळले होते का? ठाऊक नाही. पण कळले असेल या भीतीने मी त्याच्यावर महिनाभर रुसलो होतो, एवढे आठवते.

जानेवारी होता. होटगीजवळच्या एका शेतात आम्ही चौघे हुरडा खायला जमलो होतो. जाण्याचा महिना तिथेच ठरवायचा होता. हुरडा भाजायच्या आधी मल्लिनाथ मला बांधाकडे घेऊन गेला.

“सर, कुनाला बोलू नगा. शुगरनं डोळ्याचा पडदा खराब केलाय. डाक्टर म्हनला, एक वरीस तर काय भ्या न्हाय, फुडचं सांगता येत न्हाय. मला ती नदी बगायचीय. हजारो जनावरं उड्या टाकत्यात ती. घरात शब्द दिलाय, एकदाच जातो म्हनून.”

ती नदी म्हणजे मसाई मारा अभयारण्यातली. वाइल्डबीस्ट या बैलासारख्या हरणांचे कळप ती ओलांडतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. एक वर्ष म्हणजे ऑगस्ट सहज हाताशी होता. एकदाच म्हणजे तो ऑगस्टच हवा होता. हे दोन हिशेब मी बांधावरून शेकोटीपर्यंत येता येता मनात केले. आणि तिसराही केला. ऑगस्टमध्ये एकाच गाडीत, एकाच क्षणी, एकाच उडीवर आम्हा दोघांचे कॅमेरे रोखलेले असणार. परत आल्यावर दोघांची चित्रे शेजारी शेजारी लागणार. माझा हात सगळ्या सोलापूरला दिसणार. एप्रिलमध्ये मात्र कुणालाच काही मिळणार नाही, आणि दोष आभाळाकडे जाईल.

तुम्ही म्हणाल, इतका सरळ विचार माणूस करतो का? मनात काहीतरी धूसर असते, नंतर आपण त्याला शब्द देतो. नाही. माझ्या मनात तेव्हाही हे शब्दच होते.

आमच्यातल्या एकाने कुठून तरी छापून कागद आणला होता. त्यावर जुलै ते ऑक्टोबर लिहिलेले होते. मी तो वाचलासुद्धा नाही. “कागदावरची आफ्रिका मला शिकवू नका,” म्हणालो. तो बिचारा कणसे चोळत बसला. मग मी एप्रिलचे गुण सांगितले — गर्दी नाही, हवेत धूळ नाही, ढगांमुळे उजेड मऊ, गवत हिरवेगार. यातले प्रत्येक वाक्य खरे होते. ज्यांना नेमका तसाच उजेड हवा असतो असे छायाचित्रकार मुद्दाम त्या दिवसांत जातात. मल्लिनाथला तो नको होता. त्याला नदी हवी होती.

“आणि पाऊस?” कागदवाल्याने धीर करून विचारले.

“आपल्या नान्नजला एप्रिलमध्ये पाऊस असतो का?” मी म्हणालो.

पाहिलेत? मी खोटे बोललो नाही. मी प्रश्न विचारला. त्यांच्या हाडात मुरलेला उन्हाळा मी त्यांच्यापुढे ठेवला आणि आताच ऐकलेले ढग नि हिरवे गवत विसरून उत्तर त्यांनी स्वतःच दिले — जनावर पाण्यावर येणार. भूगोलाच्या मास्तराला विषुववृत्त ओलांडताना कोण अडवणार? मल्लिनाथने तर टाळीच दिली — “आरं, सर म्हनले की झालं! चौतीस वर्सं ढगांची हजेरी घेतलीया ह्यांनी. सरांना न विचारता येतोय व्हय पाऊस?” सगळे हसले. मीही हसलो. परत निघताना त्याने हळूच विचारले, “सर, नदीचं जमंल न्हवं?” मी म्हणालो, “नदी कुठे पळून जाते? आणि डोळ्यांचे असे असताना ऑगस्टपर्यंत कशाला थांबतोस?” म्हणजे त्याने विश्वासाने सांगितलेला आजारही मी माझ्या बाजूने उभा केला.

एप्रिलमध्ये गेलो. तळावर आमच्याखेरीज एकच जोडपे होते. पाच दिवसांत ऊन दोनदा दिसले. गवत एवढे उंच की सिंहाचे फक्त कान दिसायचे, तेही चालकाने बोट दाखवल्यावर. माती काळी, चिकट; गाडी दोनदा रुतली. मल्लिनाथ गुडघाभर चिखलात उतरून गाडीला खांदा देत ओरडत होता, “सर, ही तर आपलीच माती वो!” पाऊस तिरका आत यायचा तेव्हा तो आपला कॅमेरा सोलापुरी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरायचा, आणि ढग कुठे फाटतो का ते बघत बसायचा.

चौथ्या दिवशी नदीवर गेलो. गढूळ पाणी, पलीकडचा काठ रिकामा. काठावर खुरांनी झिजून पडलेल्या खोल घळी तेवढ्या होत्या. चालक पन्नाशीचा, मितभाषी माणूस. ऑगस्टमध्ये जनावरे याच घळींतून उतरतात, एवढे त्याने इंग्रजीत सांगितले; मग विचारले, तुम्हाला हा महिना कुणी सुचवला? मल्लिनाथचे इंग्रजी व्यापारापुरते, पण प्रश्न त्याला कळला. त्याने अभिमानाने माझ्याकडे बोट केले — “माय सर. जॉग्रफी टीचर.”

चालकाने माझ्याकडे पाहिले. मी नजर काढून घेतली नाही. मला ती सवय नाही. पण त्याला समजले, हे मला समजले. तो पुढची काच पुसू लागला.

मल्लिनाथ त्या घळींकडे बघत होता. “हितनं उतरत्यात व्हय,” तो म्हणाला. त्याने टॉवेल सोडला, रिकाम्या काठाची दोन छायाचित्रे घेतली आणि कॅमेरा पुन्हा गुंडाळला. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “होगली बिडरी सर. जाऊ द्या. ढग तर बगा, आसले ढग आपल्याकडं कुटं हायत?”

तो माझे सांत्वन करत होता.

त्या ऑगस्टमध्ये त्याचे डोळे शाबूत होते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण उद्या कुणी म्हणेल की नाहीतरी काय झाले असते. त्याच महिन्यात त्याने माळावरच्या एका चंडोलाचे छायाचित्र मला आणून दाखवले; पिसन् पीस मोजता येत होते. दिवाळीनंतर उजवा डोळा गेला, पुढच्या उन्हाळ्यात डावा. आता तो दुकानात गादीवर बसतो, डाळ चिमटीत घेऊन तिची जात सांगतो. गिऱ्हाईक ओळखीचे निघाले की आफ्रिकेची गोष्ट सांगतो. तीत चिखल असतो, सिंहाचे कान असतात, आणि सरांचा चुकलेला ऋतू असतो. मी शेजारी बसून ती कित्येकदा ऐकली आहे. “चुकलेच हो माझे,” असे म्हणून हसलोही आहे. पहिला गुन्हा एका दुपारचा होता. हा दुसरा मी वर्षानुवर्षे करत आलो.

माझा हात आता उघडपणे कापतो. लोक म्हणतात, वय झाले. हा मजकूर मी मुलाला सांगून लिहून घेऊ शकलो असतो, पण तसे केले नाही; अक्षर कसेही येवो, माझे आहे. लिहून झाल्यावर मल्लिनाथला तो मीच वाचून दाखवणार आहे, त्याच्या दुकानात, भर दिवसा.

त्यावर लोक काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. संपादक म्हणेल, सर भावुक झाले, नसलेला दोष अंगावर घेत आहेत. मल्लिनाथ म्हणेल, सर उगंच कायबी बोलत्यात. माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास बसणार नाही, कारण मला चांगले मानण्याची त्यांना सवय झाली आहे. त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. ती तपासता येण्याजोगी आहे. वस्तू अजून माझ्या कपाटात आहे.

त्या मार्चमध्ये, छत्री-रेनकोट काही घेऊ नका असे तिघांनाही बजावून झाल्यानंतर, मी पुण्याच्या एका दुकानातून कॅमेऱ्यावर घालायचे पावसाचे कव्हर मागवले. ते पाचही दिवस माझ्या बॅगेच्या तळाशी घडी न मोडता पडून होते, कारण बाहेर काढले असते तर मल्लिनाथला कळले असते. मी एकच मागवले होते.