मासळीवालीचा खरेपणा

डहाणूच्या बाजारातली माझी नेहमीची मासळीवाली वाढवणहून येते. आजारपणाआधी तिच्या सांगण्यानुसार प्रत्येक मासा आत्ताच पाण्यातून निघालेला असायचा. मग तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली. ती वाचली, पण माणसांची नावं विसरली आणि जिभेवरचा ताबा गेला. पुन्हा टोपलीमागे बसली तेव्हा मलाच सांगायची, "बाय, हे पापलेट कालचं हाय, घेऊ नको. नि तू लय जाडी झालीस." शेजारी बसणारी तिची जाऊ तिला चिमटे काढून थकली. "ताई, राग नका मानू. हळूहळू येईल ताळ्यावर, असं डॉक्टर बोललेत."

आलीही. आधी नावं आठवली, पुढे माझ्या जाडीबद्दल ती गप्प राहू लागली. मला मात्र तिच्या खरेपणाची चटक लागली होती.

परवा मी डोळे खोल गेलेल्या एका रावसाकडे बोट दाखवलं. ती गोड हसली. "आत्ताच बोटीवरनं उतरलाय, बाय. तुझ्यासाठीच ठेवला."

जावेने पटकन पदर डोळ्यांना लावला. मी भाव न करता तो शिळा रावस पिशवीत टाकला.