पाहिल्याची सही

मला कुणी खोदून विचारलेलं आवडत नाही, आणि माझी पहिली नोकरी नेमकी लोकांना खोदून विचारण्याची होती.

महापालिका बेघर बायकांसाठी निवारा सुरू करणार होती. जागा पालिकेची, बंद पडलेल्या शाळेतले दोन वर्ग. चालवायला एक संस्था, आणि त्या संस्थेत नुकतीच लागलेली मी. आधी यादी करायची होती. अट अशी, की यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याच भागातल्या कुणाची तरी सही हवी. दुकानदार, हमाल, गणपती मंडळाचा कार्यकर्ता, कुणीही चालेल. फॉर्मवर छापलं होतं, ‘या व्यक्तीस मी सदर ठिकाणी रात्री झोपताना पाहिले आहे.’ आसपासच्या लोकांनीच ओळख पटवली की पुढे निवाऱ्याला त्यांचा विरोध होत नाही, असं पालिकेच्या समूह संघटिका बाईंनी आम्हाला समजावलं होतं. यादी त्यांच्या ताब्यात असायची. मला ते इतकं पटलं, की मी वहीत त्या वाक्याखाली रेघ मारली.

मावशी मला मार्केट यार्डात भेटल्या. फूल बाजाराच्या बाहेर बसून हारवाल्यांसाठी झेंडू निवडत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं घरातलं मराठी वेगळं आणि अनोळखी माणसांशी बोलायचं वेगळं, इस्त्री केलेलं. मी विचारलं, आपण इथे किती वर्षं आहात?

‘‘आपण म्हणजे मी एकटीच ना?’’ त्या मान वर न करता म्हणाल्या.

शेजारच्या बायका हसल्या. माझे कान तापले. नाव, वय, गाव मी भराभर उतरवून घेतलं. पुढचा रकाना रात्री झोपायच्या जागेचा होता. चार बायका कान देऊन ऐकत असताना, तुम्ही रात्री कुठे झोपता, हे मला विचारवेना. मला कुणी विचारलं असतं तर मी उठून गेले असते. मी रकान्यात लिहिलं, ‘मार्केट यार्ड, फूल बाजार’. पेनाला टोपण लावलं आणि निघाले. बसमध्ये बसल्यावरसुद्धा मी ते टोपण काढत-घालत होते.

दोन आठवड्यांनी संघटिका बाई पडताळणीला आणि सह्या घ्यायला गेल्या. फाटकावरच्या हमालांनी त्यांना सांगितलं, की इथं कुणी झोपत नाही, पहाटेच्या आधीपासून गाड्या लागतात, झोपणार कुठे? यादी परत आली तेव्हा मावशींच्या नावावर लाल रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘आढळून आल्या नाहीत’.

चूक माझी आहे, हे सांगायला मला दीड दिवस लागला. वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात मी दोनदा वर जाऊन परत खाली आले. शेवटी सांगितलं तेव्हा बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘चूक तुमची, आणि नाव त्यांचं गेलं. छान जमवलंत.’’ मग यादी पुढे ओढून म्हणाल्या, ‘‘शुक्रवारी दुपारी यादी वर जाते. खरी जागा लिहा आणि तिथल्या माणसाची सही आणा. त्याशिवाय मी ही रेघ पुसणार नाही.’’

मंगळवार होता. खाटा मोजक्या होत्या आणि यादी एकदाच मंजूर होणार होती.

मी तशीच मार्केट यार्डात गेले. मावशींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, पण जागाही सांगेनात. सांगितलं की ती जागा आपली राहत नाही, एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ झेंडूच्या पाकळ्या नखाने कुरतडत बसल्या. शेवटी कळलं ते असं: स्वारगेटच्या अलीकडे रिक्षाची हुडं आणि सीटं शिवणाऱ्याचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर त्या अकरा वर्षं झोपत होत्या. सगळी दुकानं बंद झाल्यावर यायचं, उजाडायच्या आत निघायचं. जाताना पायरी झाडायची आणि गोधडीचं पोतं विजेच्या मीटरच्या पेटीमागे सरकवायचं. आता पुढच्या महिन्यात तिथला फूटपाथ उखडणार होते. पायऱ्या जाणार होत्या. दुसरी जागा शोधायचं या वयात धाडस नव्हतं, म्हणून तर त्यांनी मला नाव दिलं होतं.

‘‘एवढ्या वर्षांत एकदासुद्धा कुणी पाहिलेलं नाही मला,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी मान खाली घालून त्यांना सहीचं सांगितलं.

बुधवारी मी त्या दुकानासमोर उभी राहिले. आत एक म्हातारे गृहस्थ मशीनवर हिरवं रेक्झिन शिवत होते. आजूबाजूचे रिक्षावाले त्यांना चाचा म्हणत होते. मी बराच वेळ पलीकडच्या थांब्यावरचे बसचे नंबर वाचत राहिले. शेवटी तेच म्हणाले, ‘‘बेटा, रिक्षा आहे का तुझी? नाही ना? मग सावलीत ये.’’

मी घाईघाईने, वाक्यं अर्धी सोडत, सांगून टाकलं. त्यांनी मशीन थांबवलं.

त्यांना ठाऊक होतं. पायरीवर रोज झाडूचे ताजे फराटे असायचे, आणि त्यांनी तर कधी झाडू मारलेला नव्हता. पोतं त्यांना पहिल्याच वर्षी दिसलं होतं. एका पावसाळ्यात त्यांनी पेटीमागे रेक्झिनचा मोठा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ओला होता, पण घडी घातलेला. पूर्वी ते सकाळी लवकर दुकान उघडायचे, तेव्हापासून साडेनऊच्या आत येत नव्हते. एकदा चष्मा दुकानात राहिला, तरी रात्री परत आले नाहीत. बायकोला सांगितलं, सकाळी बघू.

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

‘‘यात लिहिलंय, पाहिले आहे. मी तिला पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर ती राहिली असती का?’’

मी म्हटलं, ‘‘चाचा, छापलेलं वाक्य आहे नुसतं.’’

‘‘वाक्य त्यांचं असेल. सही माझी आहे ना?’’

त्यांनी फॉर्म परत दिला, नीट, दोन्ही हातांनी. मला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. मी संघटिका बाईंना फोन केला. ‘पाहिले आहे’ऐवजी ‘माहीत आहे’ असं लिहून चालेल का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत तर मलाही आहे आता, मग मीच करू का सही? शनिवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत मी चालत गेले. बसमध्ये बसून राहणं शक्यच नव्हतं. आईने ताट वाढलं आणि काय झालंय म्हणून विचारलं. मी काही नाही म्हटलं. हे एक उत्तर मला कायम येतं.

गुरुवारी मावशींना सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, राहू दे तुमचा निवारा. त्यांनी हातातला झेंडू खाली ठेवला.

‘‘म्हणजे त्यांना ठाऊक होतं,’’ त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसून, ‘‘उद्या सकाळी सातला यायला सांग त्यांना.’’

शुक्रवारी सातला स्वारगेटला लख्ख उजेड होता. एसट्या चौकातून वळत होत्या, शाळेच्या रिक्षा निघाल्या होत्या. मावशी पायरीवर झोपल्या होत्या. तोंड शटरकडे, डोक्यावरून पदर. झोपल्या नव्हत्या खरं तर, पायाची बोटं सारखी हलत होती. येणारेजाणारे बघत होते. एका रिक्षातल्या मुली वळून वळून बघत गेल्या. मी पलीकडच्या कडेला उभी राहून चाचांची वाट पाहत होते, आणि ते लवकर यावेत असं वाटत होतं, आणि येऊच नयेत असंही.

ते चालत आले. दुकानापासून चार पावलांवर थांबले. टोपी नीट केली. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं, एकदाच, नजर न चुकवता. लगेच पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, ‘‘पाहिलं. उठा आता, ताई.’’

मावशी उठल्या. गोधडीची घडी घातली, पोत्यात भरली, झाडू घेतला. ‘‘आज राहू द्या,’’ चाचा म्हणाले. मावशींनी तरी पायरी झाडली, कोपऱ्यांसकट. तोवर चाचा शटर न उघडता थांबले. मग आत जाऊन रेक्झिन कापायच्या टेबलावर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. दोघांनी एकमेकांकडे पुन्हा पाहिलं नाही. पेन माझं होतं. ते परत घेऊन मी टोपण लावलं.

दुपारच्या आत मी यादी पोहोचवली. बाईंनी लाल रेघेवर आडवं ‘दुरुस्त’ लिहून शिक्का मारला. वर बघून म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी रकाना रिकामा ठेवा. रिकामा असला की मी विचारते. भरलेला असला की विचारत नाही.’’

निवाऱ्यात मावशींना दाराजवळची खाट मिळाली. फाटक सहाला उघडतं. त्या पाचलाच उठतात, गोधडीची घडी घालतात आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. घाई नाही इथे, म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून झालं. त्या हो म्हणतात आणि उभ्याच राहतात. वर्गाबाहेरचा व्हरांडा त्यांनी कधीच झाडलेला असतो.

एकदा रजिस्टर भरताना मी त्यांच्याजवळ बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी विचारलं, ‘‘मावशी, पहिल्याच दिवशी मी विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?’’

‘‘नसतं सांगितलं.’’

मी मान डोलावली आणि रजिस्टरचं पान उलटलं. त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या.

‘‘पण विचारायचं होतंस,’’ त्या म्हणाल्या.