लोकांना द्यायची पेटी

त्या गल्लीत कुणालाही विचारा, सुतारासारखा मोकळ्या हाताचा माणूस नाही, असंच सांगतील. कुणी करवत मागायला आलं, कुणी खाच पाडायला पटाशी मागायला आलं, सुतार कधी नाही म्हणाला नाही. दुकानाच्या दाराशी फळीवर एक निळी पेटी होती, ती खास लोकांना द्यायची. आता हसा नाहीतर कपाळाला हात लावा, त्या पेटीतल्या प्रत्येक हत्याराची धार त्याने स्वतः बसून, खरबरीत दगडावर आडवी घासून मारलेली, म्हणजे मुद्दाम बोथट केलेली होती. दिसायला चकचकीत, पण लाकडाला लावलं की नुसतं कुरतडणार. नेणारा घाम पुसत परत आणून द्यायचा आणि पुन्हा म्हणून दारात उभा राहायचा नाही. "आपण नाही म्हटलं का? नाही ना?" असं सुतार जेवताना विचारायचा आणि सगळं घर पोट धरून हसायचं. त्याची मुलगीही हसायची.

या मुलीला सुतारच व्हायचं होतं. दुसरं काही नाही. बाकीच्या पोरी बाहुल्यांची लग्नं लावत होत्या तेव्हा ही भुशात बसून लाकडाचे तुकडे एकमेकांत बसतात का ते बघायची. एकदा बाप जेवायला गेला असताना तिने त्याच्या स्वतःच्या हत्यारांच्या, कुलपातल्या पेटीतली पटाशी उचलली, कारण त्या दिवशी तो कुलूप लावायला विसरला होता, आणि दोन लाकडांचा सांधा केला. बापाने आल्यावर तो उचलला, उलटापालटा केला, उजेडाकडे धरला. चांगलं म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कापडी पिशवीत घालून तिला वेगळी पटाशी आणून दिली. "ही तुझी. माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही. आणि धार मी लावून देईन, तू त्यात पडू नकोस."

पोरीला आभाळ ठेंगणं झालं. बाप दर आठवड्याला तिची पटाशी घेऊन पाठमोरा बसायचा, दगडावर खर्र खर्र करायचा आणि परत द्यायचा. एवढा कामात बुडालेला माणूस, पण आपल्यासाठी वेळ काढतो, याचं तिला कोण कौतुक. पण तो पहिला सांधा जमला तसा पुन्हा जमेना. खाच फाटायची, कडा तुटायच्या. शेजारी दादा बसायचा, थोरला भाऊ, ज्याला लाकडाचा वासही आवडत नव्हता. तो जांभया देत काम करायचा आणि त्याचा सांधा मात्र घट्ट बसायचा. "दादाचं बघ," बाप म्हणायचा. "तुझा हातच नाही या कामाला. एखादीचा नसतो."

तरी तिने हट्ट सोडला नाही. जास्त जोर लावायला लागली. आणि एक दिवस सगळा भार टाकून दाबलेली पटाशी निसटली, ती डाव्या अंगठ्याच्या मुळात शिरली. अंगठा राहिला, पण वाकायचा बंद झाला. "मी सांगत होतो," बाप म्हणाला. तिने पिशवी माळ्यावर टाकली आणि पुढे औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहिली. तिथेच केस पिकले. कुणी विचारलं तर हसून सांगायची, बापाची कला माझ्या हातात नाही उतरली. दादाच्या हातात उतरली होती म्हणतात. तो ती हातात घेऊन दूरच्या शहरात विमा विकायला गेला.

आता सुतार म्हातारा झाला, कंबर मोडून बसला. चाकांच्या वॉकरच्या आधाराने घरात फिरायचा. न्हाणीघराचं दार फुगून खाली घासत होतं, त्याला एकट्याला ढकलवेना, म्हणून रात्र रात्र कुचंबणा. दादा फोनवरून म्हणाला, कुणीतरी माणूस बोलवा. माणूस कुठला यायला. शेवटी मुलगी म्हणाली, मी बघते. बापाने आपल्या हत्यारांच्या पेटीची उशीखालची किल्ली दिली. लेकीच्या हातात ती पहिल्यांदाच पडत होती.

दार उतरवून तिने खालची कड रंध्याने तासली. ढलप्या सरसर निघाल्या. लाकूड नेहमीसारखं दगडागत अडेल असं तिने धरलं होतं, तर हत्यार सहज सरकत होतं. बिजागरीची खाच थोडी खोल करायची होती. तिने बापाची पटाशी लावली आणि नुसत्या तळहाताच्या दाबाने पापुद्रा सुटून आला. ती तशीच थांबली. मग माळ्यावर चढली, पिशवी खाली आणली आणि आपली पटाशी त्याच लाकडाला लावली. पटाशीने नुसतं कुरतडलं. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर धार वापरून गेलेली नव्हती. आडवी घासून मारलेली होती. निळ्या पेटीतली असायची, अगदी तशीच.

ती पटाशी घेऊन ती बापाच्या पलंगापाशी आली.

"बाबा, हिची धार तुम्ही मारलेली आहे."

बाप भिंतीकडे बघत राहिला. "लहान होतीस. कापलं असतं."

तिने अंगठा त्याच्यासमोर धरला. "आणि हे कशाने कापलं?"

बोथट हत्यारच निसटतं, हे सुताराला शिकवायला नको होतं. तो म्हणाला, "तुझा पहिला सांधा पाहिला मी. त्यात पाणी शिरलं नसतं. दादाला वर्षभर शिकवूनही तसा येत नव्हता. तो म्हणाला, तिलाच शिकवा, मी नाही येत. मग दुकान कुणाला द्यायचं होतं मी?"

"मला," ती म्हणाली.

हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. तिला राग आला, असा की हातातलं हत्यार खाली ठेवावं लागलं. सगळं आयुष्य आपल्या हाताला दोष देत काढलं, आणि दोष हाताचा नव्हताच. आता तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती.

"दादाचा फोन येईल. त्याला सांगा, दार मी केलं. आणि माझ्या पटाशीची धार तुम्ही मारत होतात, तेही सांगा. त्याच्याही मनात आहे की मला जमत नव्हतं. एवढं करा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"सांगतो," बाप म्हणाला. डोळ्यांत पाणीही आलं त्याच्या. तिला ते खरं वाटलं.

तिने दार बसवलं. बोटाने ढकललं तरी लागत होतं. ती ढलप्या झाडत होती तेव्हा फोन वाजला. बापाला कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावरच असायचा.

"दाराचं काय झालं?" दादाने विचारलं.

"झालं. छान झालं."

"कुणी केलं?"

तिने झाडू थांबवला. बापाने तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मान वळवली.

"आला होता एक सुतार," तो म्हणाला. "तुझ्या ओळखीचा नाही."