मेंदूमास्तर आणि रबरी फुगा

"बायको बोलत नाही म्हणजे, मॅडम, तिच्या मेंदूतल्या बोलण्याच्या केंद्रातच काहीतरी अडकलं असणार. डावीकडं, कपाळाच्या जरा मागं."

"बाकीच्यांशी बोलते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बोलते की. शेजारणीशी तर दूध उतू जाईपर्यंत बोलते."

"मग केंद्र चालू आहे. बंद आहे ते तुमच्यापुरतंच."

गडी हसला नाही. डोक्याचे फोटो काढणाऱ्या मशीनवर त्याची हयात गेली होती, आणि फोटो काढता काढता आतला माणूसही आपल्याला कळतो, असा त्याचा समज झाला होता. दवाखान्यात त्याला मेंदूमास्तर म्हणत, अन् तो ते कौतुक समजे. कुणी चिडलं की हा सांगे, "बदामाएवढा तुकडा असतो, तो तापलाय." कुणी प्रेमात पडलं की, "रसायन आहे, उतरेल." स्वतःच्या लग्नात कोणतं रसायन उतरलं, ते मात्र सांगत नसे.

बायकोला लहानाची मोठी करणारी आत्या गेली. बायको भांडी घासताना रडायला लागली. मास्तर दारात उभा राहून म्हणाला, "हे मेंदूतलं रसायन आहे. महिनाभरात पातळी जागेवर येते." तिनं नळ बंद केला, हात पुसले, आणि त्या दिवसापासून तोंडही बंद केलं. ताटात जेवण येई, शब्द येत नसे. त्यात तिचं डोकं दुखायला लागलं, तसा मास्तरला हुरूपच आला.

तपासणीला त्यानंच तिला मशीनवर निजवलं. हातात रबरी फुगा दिला, घाबरलीस तर दाब, इकडं घंटी वाजते म्हणाला. मग काचेपलीकडं बसून माइकवर रोजच्या आवाजात बोलला, "हलू नका." बायकोला 'नका' म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मशीन ठोकठोक करू लागलं. पडद्यावर मेंदू उमटला. मास्तर नाक टेकवून रागाचा बदाम शोधत होता. बदाम जागच्या जागी, गुमान.

"काही नाही, डोकं स्वच्छ आहे," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरचा चेहरा पडला. बायको धडधाकट निघाली म्हणून खट्टू झालेला नवरा बाईंनी पहिल्यांदाच बघितला असावा.

तेवढ्यात घंटी वाजली. त्यानं मशीन थांबवलं.

"काय होतंय?"

"सापडली का?" स्पीकरमधून आवाज आला. किती दिवसांनी.

"काय?"

"आत्या."

मास्तर चुळबुळला. "तसलं दिसत नाही यात."

"आणि दिसलं असतं तर?"

"तर कळलं असतं."

"कशाचं कळतंय. तरी मला विचारावंच लागलं असतं, काय दुखतंय म्हणून. मग भांड्यांपाशीच विचारायचं होतं. त्याला वीजसुद्धा लागत नाही."

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती.

मास्तरच्या ओठावर रसायन आलं होतं, ते त्यानं गिळलं. "आत्या... कशी होती गं?"

"अहो, मला या नळकांड्यात कोंबून विचारताय? बाहेर काढा आधी. घरी सांगते. भांडी तुम्ही घासायची, मी बसून सांगणार."

ती चपला घालून गेली. पुढचा पेशंट आत आला, जाडजूड, घाबरलेला. "साहेब, यात मनातलं सगळं दिसतं का हो?"

या प्रश्नावर मास्तर एरवी चहा निवेपर्यंत बोलला असता.

"घड्याळ काढून ठेवा," तो म्हणाला आणि त्याच्या हातात फुगा दिला.