अकरा महिन्यांचा अबोला

रुग्णालयाच्या जिन्याखाली, औषधांच्या कोठीला खेटून एक अरुंद खोली होती. एक पाय लांब, एक आखूड अशी माणसं तिथं लंगडत येत आणि सरळ चालत जात. तिथं बूट करणाऱ्याला सगळे सव्वाटाच म्हणत, कारण त्याच्या हातच्या जोडात एक टाच दुसरीपेक्षा जाड असायचीच. त्याला ते नाव आवडायचं. "आईबापानं ठेवलेलं फुकटात मिळालं, हे मी कमावलंय," म्हणायचा.

त्याची खोड सगळ्यांना माहीत होती. काम करताना तो प्रभूशी बोलायचा. हात जोडून नव्हे. हातात चामडं कापायची रापी असायची. "हे बघ, पोरगी सात वर्षांची. टाच दोन बोटं जाड लागणार. शाळेत हसतील तिला. कुठं लपवू सांग." मग थांबायचा, मान डोलवायचा आणि चामडं उलटं धरून नव्यानं आखायचा. नव्या नर्सला वाटायचं, आत आणखी कुणीतरी बसलंय. जुन्या नर्स म्हणायच्या, बसलंयच.

तसा तो जन्मापासून ख्रिस्ती देवळातला. प्रार्थना तोंडपाठ, गाणी तोंडपाठ. ओळख मात्र शून्य. सव्विसाव्या वर्षी एका म्हाताऱ्याचा बूट तीनदा बिघडला. चौथ्यांदा त्यानं चामडं भिंतीवर फेकलं आणि ओरडला, "मला नाही जमत. तूच बघ काय ते." आणि जागच्या जागी गप्प झाला. खोलीत काही हललं नव्हतं, आवाज नव्हता. पण आपलं बोलणं कुणीतरी ऐकून घेतलं, हे त्याला सकाळचं ऊन पाठीला लागावं तसं लागलं. त्यानं चामडं उचललं, आणि त्या दिवसापासून बोलणं काही थांबलं नाही.

थांबलं ते बायको गेली तेव्हा.

तिच्या आजारात तो चार महिने बोलला. विनवलं, रुसला, धमक्याही दिल्या. ती गेली त्या संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "बरं." आणि अबोला धरला. रविवारी उपासनेला जायचा, मागच्या बाकावर बसायचा, गाण्यात ओठही हलवायचा. पण प्रभूशी म्हणून एक शब्द नाही. खोलीत आता फक्त हातोडी वाजायची.

एकदा पाळकसाहेब टाच बदलायच्या निमित्तानं येऊन बसले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "अजून बोलत नाही म्हणे तुम्ही."

"तो कुठं बोलतो?"

"माझ्या मंडळीत अर्ध्या लोकांचं देवाशी कधी भांडणच झालं नाही. भांडायला ओळख लागते. अबोला परक्याशी धरतात का?"

"साहेब, टाच परवा मिळेल," सव्वाटाच म्हणाला.

पण रात्रंदिवस आत एकच भुंगा लागलेला होता. रुसणं संपवायला समोर कुणी असावं लागतं. समोर कुणी नसेलच तर? तेहतीस वर्षं आपण स्वतःच्याच आवाजाशी गप्पा मारत बसलो असू तर? बायको गेली ती गेली. हाही गेला, किंवा कधी नव्हताच, ही भीती तो कुणाला सांगू शकत नव्हता. पूर्वी अशा गोष्टी ज्याला सांगायचा, त्याच्याशीच बोलणं बंद होतं.

त्यात कंबर धरली. डाव्या बाजूनं कळ निघायची ती गुडघ्यापर्यंत. वय झालं, दुःख हाडात उतरलं, असं तो स्वतःला समजावत होता. मुलगी दुपारी डबा घेऊन आली, तेव्हा तो स्टूल धरून उठत होता.

"बाबा, चाला जरा."

"मी काय पेशंट आहे?"

"चाला म्हणते ना. आणि ही पँट डावीकडं लोळतेय. नवी घेतलीत तर शिवून तरी घ्यायची."

"शिंप्यानं चुकवलीय."

"दोन्ही पँटी? दोन वेगळ्या शिंप्यांनी?" मुलीनं कोपऱ्यातल्या पातळ फळ्या उचलल्या. पेशंटच्या आखूड पायाखाली एकेक सरकवून तो कंबर सरळ झालेली बघायचा, त्याच फळ्या. "उभे राहा."

पहिली फळी. दुसरी. तिसऱ्या फळीला मुलीनं त्याच्या कंबरेवर दोन्हीकडं हात ठेवले आणि म्हणाली, "आली सरळ."

कळ थांबली होती. हजारो पाय मोजलेला माणूस स्वतःच्या डाव्या पायाकडं बघत राहिला.

"मग इतकी वर्षं दुखलं कसं नाही?" तो म्हणाला.

मुलगी घरी जाऊन त्याचे जुने बूट घेऊन आली. बायको गेल्यावर, काहीतरी करायचं म्हणून त्यानं नवा जोड शिवला होता आणि हे खाटेखाली सारले होते. त्यानं डावा बूट मांडीवर घेतला, आतलं अस्तर रापीनं उचललं. खाली टाचेपाशी चामड्याच्या चकत्या होत्या, एकावर एक तीन. त्याच्याच खोलीतले उरलेले तुकडे. कडेनं दुहेरी दोरा, गाठ आतल्या बाजूला. ही शिलाई तो उशांच्या अभ्र्यांवरून ओळखत होता.

"आई जुन्या पँटींचाही डावा पाय आखूड करायची," मुलगी हळूच म्हणाली. "मी एकदा विचारलं, तर म्हणाली, त्यांना सांगू नको, दुसऱ्यांचे पाय बघण्यात त्यांचा दिवस जातो."

खालच्या दोन चकत्या दबून काळ्या पडल्या होत्या. वरची नवी होती, पिवळसर. ते चामडं त्यानं गेल्या वर्षीच आणलं होतं, ती आजारी असताना. तेव्हा तिला ग्लासही धरवत नव्हता.

त्यानं ती चकती तळहातावर घेतली. लग्न झाल्यापासून तो रोज तिच्या अशाच चकत्यांवर उभा राहिला होता, आणि त्याला कधी कळलं नव्हतं. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. फक्त सरळ चालता येत होतं, आणि ते त्याला आपलंच चालणं वाटत होतं.

मग त्याला ते दिसलं. हे अकरा महिने. रोज उठला, रोज या खोलीत आला, तेवीस जोड शिवले, एकही बिघडला नाही. रडून विरघळला नाही, वेडा झाला नाही. हे सगळं त्यानं आपल्या बळावर केलं, असं तो धरून चालला होता. कुणाच्या बळावर? कुणी बोललं नव्हतं, ते खरं. पण कुणीतरी खाली होतं. तो ज्याच्यावर रुसून उभा होता, त्याच्यावरच उभा होता.

मुलगी काही बोलणार होती. त्याचं तोंड बघून ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

खोली त्या सव्विसाव्या वर्षीसारखी गप्प झाली. भरलेली. एवढी भरलेली, की त्याला मान वर करायचं धाडस होईना. त्यानं रापी हातात घेतली.

"हे बघ," तो म्हणाला, आणि पुढं काय बोलायचं ते त्याला सुचेना.

बाहेर बाकावर कुबडी घेतलेली एक बाई बसली होती. तिनं मुलीला विचारलं, "आत कुणी आहे का? मी थांबू?"

"थांबा थोडं," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "घरचंच माणूस आहे. खूप दिवसांनी भेटताहेत."