न वाचून दाखवलेलं पत्र

मागच्या मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सातपूरच्या एका फाउंड्रीतल्या कामगारांची फसवणूक झाली. ती मी केली.

तिथल्या लघुउद्योजकांच्या संघटनेत एक क्लार्क आहेत. युरोपातल्या कारखानदारांचे महासंघ 'बाहेरच्या मालावर कर लावा' म्हणून तिथल्या सरकारांमागे लागलेले असतात. त्याविरुद्धची, इथल्या मालक-कामगारांच्या सह्यांची पत्रं हे क्लार्क टाइप करतात. मी प्रदूषणाविरुद्ध सह्या गोळा करत फिरणारा कार्यकर्ता; त्यांना तोंडावर मालकांचा पोपट म्हणायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "बरं, पोपटाकडचा चहा तरी घे."

सहीआधी ते प्रत्येकाला अख्खं पत्र मराठीत वाचून दाखवतात. "पटत नसेल तर सही नको करू, दादा."

मंगळवारी मी नेलेलं पत्र इंग्रजीत होतं. कोळशाच्या भट्टीत वितळवून ओतलेल्या लोखंडावर युरोपनं जबर कर लावावा, ही त्यातली मागणी. कामगारांना मी नुसतं "प्रदूषणाविरुद्ध आहे" म्हणालो आणि सह्या घेतल्या. परवा फाउंड्रीच्या गेटवर त्या क्लार्कनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं.

साचे घडवणारा एक म्हातारा मोल्डर म्हणाला, "भाऊ, ही तं आपलीच भट्टी हाय ना?"

सही खोडायला मी खिशातलं पेन त्याच्यापुढे धरलं.

माझ्या कागदावर तुम्हीही न वाचता सही केली असेल, तर या आणि माझ्यासमोर ती खोडा.