वर्गाचा फोटो

भूगोलाच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणत, आणि बाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. जीव जळायचा तो फळ्याकडून वळल्यावर. सगळ्यांच्या माना खाली, फोनवर अंगठे चालू, आणि बाई नद्यांची खोरी भिंतींना शिकवताहेत. शिसारी यायची त्यांना. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा निदान गप्प तरी बसतो.

मग गेल्या वर्षी वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलीचं प्रकरण झालं. ती उत्तर द्यायला उभी राहिली, एका शब्दावर अडकली, आणि मागच्या बाकावरच्या दिवट्यांनी ते फोनवर टिपून गावभर फिरवलं. त्यांचे आईबापही ते बघून फिदीफिदी हसले म्हणे. तेव्हापासून पोरीने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

बाईंनी सुताराकडून खणांची पेटी करून दाराशी ठेवली. फोन ठेवल्याशिवाय आत पाऊल नाही. काही महाभाग घरातला बंद फोन पेटीत ठेवून खरा खिशात घालत. बाई प्रत्येक फोन सुरू करून बघू लागल्या. मग त्या मुलीला म्हणाल्या, “बाळ, आता इथे कुणाच्या हातात फोन दिसणार नाही. जबाबदारी माझी. तुला वाटेल तेव्हा बोल.”

मुख्याध्यापकांना पेटी फारच आवडली. पाहुण्यांना दाखवायला एक वस्तू झाली ना.

“बाई, फोनमुक्त वर्गाचा फोटो रोज ग्रुपवर टाकत जा. तास चालू असतानाचा हवा.”

“फोन नाहीत हे दाखवायला फोन काढू?”

“तुम्ही फार ताणता बुवा.”

बाईंना त्या माणसाची किळस आली. तरी नोकरी होती, त्या फोटो टाकू लागल्या.

एका दुपारी त्यांनी विचारलं, “समुद्राला भरती का येते?” तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. मुख्याध्यापक: ‘फोटो राहिला.’ बाईंनी चरफडत फोन वर धरला आणि पडद्यावर बघतच म्हणाल्या, “सगळे इकडे बघा.”

पडद्यावर ती मुलगी उभी होती. “चं... चं...” एवढं तिच्या तोंडून आलं होतं. तिने बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

“तुझा नाही गं काढत,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

“चंद्रामुळे ना? बोल की,” मागून एक मुलगा हळूच म्हणाला. चिडवायला नाही, मनापासून.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बाईंना स्वतःचीच किळस आली.